पालथे पाट

३ फेब्रुवारी १९७५, उंब्रजजवळ
अखेर बिऱ्हाड लागलं! महिनाभर अंजनाला घेऊन हर्णैपासून विजयदुर्गापर्यंत हिंडलो. संग्रहालयं पाहिली, जहाजं बुडाल्याच्या जागा पाहिल्या. ती म्हणते, आपला संसार म्हणजे बुडालेल्यांची चौकशी. पहिल्या महायुद्धात कोकण किनाऱ्याजवळ एक आगबोट बुडाली, तिच्यावर घाटावरच्या या गावचे नऊ जवान होते. त्यांचं छोटंसं संग्रहालय आता माझ्याकडे आलं आहे. मागची खोली आम्हाला राहायला. झकास जागा आहे.

४ फेब्रुवारी
बुडालेल्याचं प्रेत सापडलं नाही, तर इथले लोक त्या माणसाचा जेवणाचा पाट पालथा ठेवतात. इथे नऊ पाट भिंतीशी तसेच आहेत. म्हातारी हरणाबाई सांगायला आली. तिचा नवरा त्याच बोटीवर होता. "सुलटं करू नगा सायेब. पाट सुलटा दिसला की बुडालेला मानूस जेवाय बसतुया, आन् उठताना वाढनारीला घिऊन जातुया." मी मान डोलावली आणि ती गेल्यावर सगळे सुलटे मांडले. वरच्या अंगाला पितळी खिळ्यांनी नावं काढली आहेत. पाहायला येणाऱ्यांना ती नकोत का दिसायला?

६ फेब्रुवारी
पाट ओले. बोट लावून चाखलं, खारट. दुपारी अंजना त्यांच्यापुढे पानं वाढत होती. कुणासाठी, म्हणून विचारलं. म्हणाली, भुकेले आहेत हो, नाही कसं म्हणू? तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती.

८ फेब्रुवारी
पाट पालथे होत नाहीत. पहार लावली तरी नाहीत. मला भीती वाटते आहे. हरणाबाईचे पाय धरले. घरच्याच माणसाचा हात लागतो म्हणाली. तिनं नवऱ्याचा पाट सहज पालथा केला. बाकीच्यांची नातवंडं, पुतणे येऊन आपापले करून गेले. राहिला तो गुंडा नावाच्या जवानाचा. त्याच्या घरचं कुणीच उरलेलं नाही.

९ फेब्रुवारी
अंजनाचे ओठ निळे पडलेत. तरी वाढतेच आहे. मी गुंडाचा भाऊ म्हणालो, मुलगा म्हणालो — पाट ढिम्म. देवा, तिला सोड. हवं तर मला —

१० फेब्रुवारी
तिनं गुंडाच्या नावाचं कुंकू लावलं. मी याची बायको, म्हणाली. पाट पालथा झाला! दोघं गळ्यात पडून रडलो.

११ फेब्रुवारी
ती माझ्याकडे बघत नाही. हाका मारल्या. ऐकूच जात नाही तिला —

१२ फेब्रुवारी
माझा पाट तिनं उचलला. त्या नऊ पाटांशेजारी नेऊन पालथा ठेवला. माझे कपडे ओले — तोंडात मीठ — अंजना, भूक लागली गं — एकदाच सुलटा क