ह्यांच्या नावची जागा

१२ फेब्रुवारी २००१

पंचायतीच्या फळ्यावर कागद लागलाय. रेल्वेत जमीन गेलेल्या घरातल्या एकाला गाडी शिकवायचा खर्च सरकार करणार — आधी हलकं वाहन, वर्षभराने जड, म्हणजे ट्रक. ग्रामसेवकाला विचारलं. खरंच आहे म्हणाला.

आमचा भाताचा मळा त्या रुळांखाली आहे.

हे राजाभाऊंच्या, जांभ्या दगडाचे चिरे वाहणाऱ्या ट्रकवर क्लीनर. लग्नाच्या आधीपासून. ट्रक धुताना ह्यांचं तोंड बघावं — आमच्या लेकीला, जनीला, न्हाऊ घालताना असतं तस्सं. ड्रायव्हर व्हायचंय असं कधी बोलून दाखवलं नाही. पण झोपेत पाय दाबतात, ब्रेक मारल्यासारखा.

१३ फेब्रुवारी

सकाळी सांगितलं. "आपल्याला कोण देतंय," म्हणाले आणि ट्रकवर निघून गेले.

संध्याकाळी चपला काढायच्या आधीच विचारलं, "तो कागद अजून हाय का फळ्यावर?"

२ मार्च

रत्नागिरी. पहिल्या टेबलावर — "ही योजना आमच्याकडे नाही." दुसऱ्यावर — "साहेब दौऱ्यावर आहेत." हे दाराशीच उभे. सरकारी कचेरीत शिरले की ह्यांचा आवाजच जातो. बोलायचं मी.

शेवटी आतल्या खोलीतल्या सुनेत्रा मॅडम. "रेल्वेवाले का? बसा आधी," म्हणाल्या. काय काय दाखले लागतील ते समजावून सांगितलं. उत्पन्नाचा आणायला देवरुखला जावं लागेल.

एसटीला वेळ होता म्हणून मांडवीच्या समुद्रावर जाऊन बसलो. एक भेळ दोघांत.

"ड्रायव्हर झालो तर आधी काय करीन, सांग."

"काय?"

"हॉर्न बदलीन. राजाभाऊंचा हॉर्न रेड्यासारखा रेकतो."

किती दिवसांनी हसले हे.

१९ एप्रिल

मंजूर! सासूबाईंनी घावणे घातले. राजाभाऊंच्या ट्रकचे ड्रायव्हर भागोजी, ह्यांचे गुरू, येऊन पाठ थोपटून गेले. आता डॉक्टरांचा दाखला तेवढा राहिला.

२४ एप्रिल

काय लिहू.

डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. ठिपक्यांत आकडे असतात. मला बाकावरूनसुद्धा दिसत होते. ह्यांना दिसेनात. डॉक्टर पानं उलटत गेले, हे नुसते बघत राहिले. मला वाटलं घाबरलेत. मी म्हटलं, "अहो, नीट बघा." डॉक्टर म्हणाले, "बाई, त्यांना लाल-हिरवं वेगळं दिसतच नाही. जन्मापासूनचं आहे. औषध नाही याला." परवाना मिळणार नाही. हलक्याचाही नाही.

एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बसले. मी हात धरला. सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

२५ एप्रिल

हे कामावर गेले. डबा तसाच परत आला.

२८ एप्रिल

आज एकदम आठवलं. जनीच्या वेळी, सातव्या महिन्यात, ह्यांना हिरव्या बांगड्या आणायला सांगितलं होतं. विटकरी रंगाच्या घेऊन आले. बायका हसल्या. मी किती दिवस धुसफुसत होते — बायकोच्या बांगड्यांकडेसुद्धा लक्ष नाही ह्या माणसाचं!

ह्यांना विचारलं, "त्या तुम्हाला हिरव्या दिसल्या होत्या?"

"मला वाटलं हिरव्याच हायत. दुकानदाराला विचारायची लाज वाटली."

ट्रंकेतून काढून घातल्या. घट्ट होतात. असू देत.

७ मे

मी सुनेत्रा मॅडमना सांगायला गेले, की आमची जागा दुसऱ्या कुणाला द्या. मॅडमनी योजनेचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "तुमचं शिक्षण किती, तेजस्वी?"

"बारावी."

"घरातली एक व्यक्ती, असं लिहिलंय. पुरुषच हवा असं कुठे लिहिलंय?"

मला हसूच आलं. घरी येऊन ह्यांना गंमत म्हणून सांगितलं. हे हसले नाहीत. उठून बाहेर गेले.

लागलं असेल. मला कळायला हवं होतं.

८ मे

पहाटे उठवलं ह्यांनी. "चल. भागोजीची जीप मागून आणलीय."

सड्यावर नेलं. तिथे नुसता कातळ, कशाला धडकायची भीती नाही. मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. मी म्हटलं, "अहो, ही जागा तुमच्या नावची."

"मग मी सांगतोय ना, बस."

गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा चालली. हे डोळे मिटून बाजूला बसलेले. म्हटलं भीती वाटते का? "नाय. आवाज ऐकतोय. गिअर बदल, रडतेय ती."

गिअर खडखडला. पण एक सांगू? मला आवडलं.

१५ मे

सासूबाई — "ट्रक हाकणं काय भाकरी थापणं हाय गो? बाईमाणूस हायस तू."

हे म्हणाले, "आये, रेल्वेखाली मळा गेला तो बाईमाणसाचा नव्हता काय? लावणी कोण करायचं?"

 दुपारी सासूबाईंनी मला मोकळं ठेवून जनीला स्वतःच जेवू घातलं.

२ जुलै

माझ्या नावाने मंजुरी आली. मॅडमना पेढे देऊन आले. तिथेच डोळे भरून आले, उगाच.

२० ऑक्टोबर

हलक्याचा परवाना मिळाला. फोटोत मी पोलिसाने पकडल्यासारखी दिसते.

११ डिसेंबर २००२

जड वाहनाचं शिक्षण सुरू. वर्गात मी एकटीच बाई. मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, स्वयंपाकाचा वर्ग पलीकडे." मुलं हसली. मी बसून राहिले.

घरी ह्यांना सांगितलं नाही. पण चेहऱ्यावरून ओळखलं. रोज संध्याकाळी अंगणात बसवून शिकवतात — चिरे भरलेली गाडी उतारावर कशी जड होते, ब्रेक तापला की वास कसा येतो. स्वतःला कधी करायला मिळणार नाही असं सगळं, माझ्या हातात भरताहेत. ह्या माणसाला वाईट वाटत नसेल?

धीर करून विचारलं. बराच वेळ जनीच्या केसांतून हात फिरवत होते. मग म्हणाले, "वाटतं. पण तू गाडीवर बसलीस की कमी वाटतं."

२६ फेब्रुवारी २००३

परीक्षा पास. मास्तर स्वतः म्हणाले, "ताई, रिव्हर्स तुमच्यासारखा कुणी घेतला नाही."

१७ मार्च

भागोजींनी पाठीच्या दुखण्यामुळे काम सोडलं. राजाभाऊंना म्हणाले, हिला घ्या. राजाभाऊ म्हणतात, "बाईला ट्रक देऊ? वाटेत काय झालं तर?"

हे तिथेच उभे होते. हा माणूस कधी मालकापुढे बोलत नाही. आज म्हणाले, "क्लीनर मी हाय ना बरोबर."

राजाभाऊ कबूल झाले. एक महिना बघू, म्हणाले.

२४ मार्च

पहिली फेरी. संगमेश्वरच्या अलीकडे चढावर गाडी थांबवावी लागली. हे मागच्या चाकाला दगड लावायला खाली वाकले, आणि गाडी मागे सरकली. "अहो" म्हणायला वेळच नव्हता. मी जीव खाऊन ओरडले — "विनीत, बाजूला हो!"

ब्रेक लागला. गाडी थांबली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. विनीत धूळ झटकत दाराशी आला, वर बघत म्हणाला, "पुन्हा एकदा हाक मार की."