अकरा बगळ्यांचे कावळे झाल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
किनारी चित्रवारसा कक्ष, रत्नागिरी.

विषय : करंजाळी बंदरातील मासळी लिलावघराच्या भिंतीवरील पक्ष्यांबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ३ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

मंजूर नकाशात बगळे अकरा असताना पाहणीत कावळे अकरा कसे आढळले, असा खुलासा आपण मागितला आहे. घ्या खुलासा.

१. ही चुन्याची भिंत माझे वडील कै. रघू यांनी चाळीस वर्षांपूर्वी रंगवली. समुद्र, होड्या, फेस. त्यातले पांढरे म्हणजे भाजलेल्या शिंपल्यांचा, वर्षभर मुरवलेला चुना. फेस आजही पांढरा आहे. फक्त बगळे गळतीने पुसले गेले. ते पुन्हा काढण्याचे काम मला दिलेत.

२. मी तोच चुना मागितला. शिंपल्यांवर आयएसआय मार्क नसल्याने तो नामंजूर झाला. शिंपल्यांनी मार्कासाठी कुठल्या खिडकीवर उभे राहावे, ते कळवलेले नाही. मंजूर यादीतला शिशाचा सफेदा डिंकाच्या पाण्यात घोटून वापरावा, असा आदेश आला.

३. मी तेव्हाच लेखी कळवले, की शिशाचा सफेदा तेलात घोटला तर तेल त्याला सांभाळते. डिंकात तो उघडा पडतो आणि सडक्या मासळीची वाफ लागली की काळवंडतो. डिंकच हवा तर जस्ताचा पांढरा द्या. उत्तर आले, मासळीचा रंगकामाशी संबंध नाही. साहेब, ते लिलावघर आहे. तिथे मासळी नाही तर काय मोगरा विकतात?

४. आठ महिन्यांत बगळे काळे झाले. मासळीवाली आवडाबाई भर लिलावात म्हणाली, "दत्तू, बगळे काढलंस ते कावळे कशे रे झाले? कुणाचं तेरावं घातलंस काय?" याचे उत्तर आपल्याकडे असल्यास तिला परस्पर कळवावे.

५. आता आपण म्हणता, हे कावळेच आहेत असे हमीपत्र द्या, म्हणजे नकाशात दुरुस्ती करू. नाहीतर सोमवारी सगळी भिंत खरवडून ऑइलपेंट मारू. चुन्याच्या भिंतीत ओल कोंडली की दोन पावसाळ्यांत तो पेंट पापुद्र्यांनी गळेल. पण वडिलांचा समुद्र सोमवारीच जाईल.

६. म्हणून हमीपत्र जोडले आहे. मान लांब, पाय लांब, चोच भाल्यासारखी; तरी हे कावळे आहेत, असे मी पूर्ण शुद्धीत लिहून देतो. भिंतीला हात लावू नये. मात्र खाली पाटी लावावी, 'हे कावळे आहेत', आणि त्यावर आपली सही शिक्क्यासह असावी. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी समजावत बसणार नाही.

आपल्याच आदेशाने वागलेला,
(सही)
दत्ताराम रघू कोळथरकर
दि. ६ फेब्रुवारी २०२५

सोबत : कावळ्यांचे हमीपत्र, प्रती अकरा.