चाळीस मेंढरं, दोन एकर माळ आणि मनी

श्री बिरोबाच्या नावानं चांगभलं

लिहून ठेवणार : हरणाबाई भ्रतार बिराप्पा पुकळे, वय बेचाळीसच्या आसपास, धंदा मेंढरं व शेती, राहणार मौजे कुसळवाडी, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली.

कारणे लिहून ठेवते की, माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, मला धाक घालणारा अजून जन्मायचाय. पोटात गाठ आहे. येत्या सोमवारी मिरजेला ती कापून काढणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक बरी होशील. बहुतेक म्हटल्यावर मी मेंढरूसुद्धा घेत नाही, म्हणून हा कागद.

शाळा दोन इयत्ता झाली. अक्षर माझं आहे. आप्पासो गुरुजी लिहून द्यायला बसले होते, पण दर वाक्याला हे कायद्यात बसत नाही म्हणायला लागले, तेव्हा पेन काढून घेतलं. मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही. लिहायला हरकत नसावी.

कलम १. माझ्या बापाला मुलगा नव्हता. त्यानं बक्षीसपत्रानं मला दोन एकर माळजमीन दिली. ती माझी एकटीची आहे, मालकांची नाही. ती मनुबाई हिला, म्हणजे आमच्या मनीला, द्यावी. भाऊसोला नाही. भाऊसो माझा मुलगा, लष्करात गाडी चालवतो. त्याला बापाची जमीन मिळेल. त्यानं वाईट वाटून घेऊ नये. वाटलंच तर आठ दिवस वाटून घ्यावं, मग सोडून द्यावं.

शेजारच्या आकारामनं बांधाचा दगड तीनदा सरकवलाय. मी काही बोलले नाही, कारण दगड जिथं होता तिथं खाली माझ्या बापानं हद्दीची खूण म्हणून कोळसा पुरलाय. मनीनं हात-दीड हात उकरावं आणि चार माणसांसमोर उकरावं. आकारामला आधी सांगू नये.

लोक म्हणतात ह्या जमिनीत काय आहे. खडक आहे. हुलगा येतो, मटकी येते, एखाद्या साली बाजरी. पण दुष्काळात दोन वर्षं तिच्यावर हिरवं असं काही नव्हतं. मुंग्यासुद्धा दिसेनात. मला वाटलं ही मेली. मग पाऊसकाळ झाला आणि आठव्या दिवशी सगळ्या खडकावर गवत. कुणी पेरलं? बी कुठं दडून बसलं होतं दोन वर्षं? मी तिथं उभी राहिले आणि मला पायातली वहाण काढावी वाटली, ती काढली. सकाळच्या पारी तिथं चंडोल वर उडतो. मुठीएवढा पक्षी, पण गात गात एवढा वर जातो की दिसायचा बंद होतो आणि गाणं तेवढं खाली येत राहतं. मनीनं दिवसातून एकदा तरी काम टाकून वर बघावं. ही अट समजावी.

कलम २. मेंढरं. माझी स्वतःची चाळीस, खूण डाव्या कानाला दोन चिरा. वीस भाऊसोला, वीस मालकांना. मालकांनी ती विकू नयेत, विकतील तर दिवसभर बोलणार कुणाशी. त्यांना माणसांशी बोलता येत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मला एकदाही वाईट बोलले नाहीत, चांगलंही नाही. पण आम्ही कराडकडं उसाच्या पट्ट्यात मेंढरं बसवायला जातो, खतासाठी तिकडचे शेतकरी बोलावतात, तेव्हा वाटेत गार पाणी दिसलं की आधी मला हाक मारतात, मग स्वतः पितात. ही नोंद व्हावी.

माझ्या हातून हजारभर कोकरं जन्मली असतील. अजून समजलेलं नाही. ओलं, डोळे धड न उघडलेलं, उठतं, पडतं, उठतं आणि कळपातल्या दोन-तीनशे आयांमधून आपलीच धरतं. कोण सांगतं त्याला? गुरुजींना विचारलं तर म्हणाले, वासानं. वासानं ते मलाही ठाऊक आहे. वास कुणी ठेवला ते विचारलं होतं.

कलम ३. चांदीचे वाळे मनीला. लोकरीची टकळी मनीला नको, तिचा हात जड आहे, सूत तोडते. ती माझ्याबरोबर पुरावी. हुलग्याचं माडगं मी करते तसं कुणी करत नाही, कारण सगळ्या घाई करतात. हुलगा खमंग भाजावा, जात्यावर दळावा, आणि शिजताना चुलीपुढनं उठू नये. मी सगळ्या कामात घायकुती आहे, ह्या कामात नाही. थंडीत वाटीला दोन्ही हात लावून पहिला घोट घेतला की मला दर वेळी वाटतं, राजाला काय वेगळं मिळत असेल.

कलम ४. खरं तर ह्यासाठीच कागद केला.

मनुबाई माझ्या पोटची नाही. वस्तीला ठाऊक आहे. मनीलाही ठाऊक असावं, ती कधी विचारत नाही. ती माझी थोरली जाऊ दगडाबाई हिची मुलगी.

सतरा वर्षांमागं आम्ही दोघी बाळंतपणाच्याच दिवसांत मेंढरांमागं कराडकडं चाललो होतो. माझी मुलगी अकराव्या दिवशी गेली. उसाच्या बांधाला पुरली. त्याच आठवड्यात जाऊ तापानं फणफणली, तिचं दूध आटलं, लेकरू रडून निळं पडलं. आमच्यात कोकरू मेलेल्या मेंढीला दुसरीचं कोकरू लावायचं असलं, तर मेलेल्याचं कातडं त्याच्या अंगावर बांधतात. मेंढी हुंगते आणि पाजते. माझ्या सासूनं तेच केलं. माझ्या गेलेल्या लेकीच्या धडप्यात मनीला गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला तिच्याकडं बघायचं नव्हतं. पण तिनं तोंड लावलं आणि वाळून दगड झालेल्या छातीत दूध आलं. दोन्हीकडं आलं, लुगडं भिजलं. सासू म्हातारी, हजार कोकरं लावलेली बाई, ती हात जोडून बसली. मी आजवर देवळात गेले, जत्रा केल्या. देव बघितला म्हणायचं झालं तर त्या सकाळी.

सासू म्हणाली होती, आठ दिवसांनी धडपा काढ. मी काढला नाही. जाऊ दोन महिन्यांत उठली, म्हणाली, आण माझी पोर. मी म्हटलं, दूध तुटू दे. दूध तुटल्यावर म्हटलं, पाऊसकाळ सरू दे. मग म्हटलं, मला सोडून राहत नाही. शाळेत नाव घालताना बाप म्हणून मालकांचं नाव मीच सांगितलं. त्या दिवसापासून जावेनं माझ्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. माझं डोकं फिरलंय असं ती सगळीकडं सांगायची. खोटं नव्हतं. मेंढीला कातड्यानं फसवावं लागतं, मला सगळं ठाऊक होतं आणि तरी मी दिली नाही.

मनीचं लग्न वैशाखात आहे, मुलगा कवठे महांकाळचा. मांडवात आईच्या जागी दगडाबाईनं बसावं. मी मेले तरी आणि वाचले तरी.

इथं गुरुजी म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. मी म्हटलं, मग हे एक कलम आजपासून धरा.

कलम ५. हे मागाहून लिहिते आहे. साक्षीदार दोन लागतात. मी गुरुजींना घेऊन जावेच्या दारात गेले. ती मटकी निवडत होती. वर बघितलं नाही. गुरुजींनी चौथं कलम वाचलं. ती म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. सुपातली मटकी तशीच हातात धरून बसली होती. मग मला म्हणाली,

"हरणे, चार वळी लिवाय सतरा वर्सं लागली व्हय गं तुला?"

मी म्हटलं, "दोनच यत्ता झाल्यात, अक्का."

ती हसली नाही. अंगठ्याला शाई लावून घेतली. म्हणाली, "मरायचं काय काढू नको. बामण कायबाय सांगनार, येवढ्या पाव्हण्यांत मला एकटीला सुदरायचं न्हाई. दोगी बसू."

गुरुजी म्हणाले, एका मुलीला दोन आया, हे रीतीत बसत नाही. आम्ही दोघींनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं.

तरी चौथ्या कलमात दुरुस्ती : मेले तर तिनं बसावं. वाचले तर दोघींनी. मला आता वाचायचं आहे, हे डॉक्टरीणबाईंना कुणीतरी सांगावं.

हा कागद मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण : कुसळवाडी
तारीख : ९ फेब्रुवारी १९७७, बुधवार

सही : हरणाबाई बिराप्पा पुकळे

साक्षीदार :
१. आप्पासो गुरुजी, प्राथमिक शाळा, कुसळवाडी. (सही)
२. दगडाबाई भ्रतार गुंडा पुकळे, मनुबाईची आई. (डाव्या हाताचा अंगठा)