बिननावाच्या पुड्या

डॉक्टरसाहेब, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि मला तुमचा राग आत्ता आलाय. दुसरी शिकलेली बाई आहे, अक्षराकडं बघू नका.

लग्न होऊन आले तेव्हापासून परतूरला तुमचाच दवाखाना. बाजाराच्या दिवशी बाकड्यावर दाटीनं बसलेलो आम्ही, आणि तुम्ही मान वर न करता ह्यांना विचारून राह्यले, "काय मालक, आज बायकोनं मारलं का?" मंग कागदाच्या पुडीत गोळ्या. त्याच्यावर नाव न्हाई, काही न्हाई. एकदा मी विचारलं, ही लाल गोळी कशाची? तर म्हणले, "तुला नाव घेऊन काय करायचं? मी बसलोय ना."

बसलोय म्हणे.

मागल्या महिन्यात ह्यांच्या पायाची जखम चिघळली. जालन्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. सकाळी एक डॉक्टर, दुपारी दुसरा, दरेकाला पहिल्यापासून सांगा. तिसरी डॉक्टरीणबाई आली, माझ्या लेकीएवढी. "मावशी, यांना एखादं औषध सोसत नाही, असं आहे का?" मी म्हणले, "न्हाई. बिलकुल न्हाई." इतक्या वर्षांत कधी झालंच न्हाई तर काय सांगणार? तिनं सुई दिली. माझ्यासमोर ह्यांचे ओठ फुगले, डोळे मिटले, श्वास अडकला. चार जण धावले म्हणून माणूस हाताला लागला.

घरी आणल्यावर तुमचा म्हातारा कंपाउंडर बघायला आल्ता. म्हणतो, "साहेबांना ठाऊक होतं की. मालक लहान असताना याच सुईनं असं झाल्तं, म्हणून ते कधीच देत नव्हते." ह्यांना त्यातलं काही आठवत न्हाई. सासूबाई गेल्या, तुम्ही गेले. नवरा माझा, आन् त्याचा जीव कशानं जाईल ते तुमच्या डोक्यात. तोंडानं सांगायला काय झाल्तं तुम्हाला?

हा कागद कुठं पाठवायचा न्हाई, म्हणून पुढचं लिहिते. कंपाउंडर उठताना हळूच म्हणला, "वहिनी, तेव्हा मी त्यासाठीच बोलवायला आल्तो." तुम्ही खाटेला खिळले तेव्हा जुन्या पेशंटांना एकेक करून बोलावून ज्याचं त्याला सांगत होते. आमच्या दारी तो दोनदा आला. दोन्ही वेळेला मी, कापूस वेचायचाय, सवडीनं येतो म्हणून वाटेला लावला. त्याच्या आदल्या साली ह्यांना दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं म्हणून तुम्ही मला भरल्या दवाखान्यात बोलले होते, ते मनात धरून बसले होते मी.

तुम्ही बोलावल्ते, हे मी ह्यांना तेव्हाही सांगितलं न्हाई. अजून न्हाई.