कांबळ्याचा पडदा

केलगेरी, धारवाड
७ डिसेंबर १९९९

श्री. सुधींद्र यांस,

मेधाचा नमस्कार. आधी 'सप्रेम' लिहिलं होतं, मग खोडलं, आणि खोडलेलं दिसू नये म्हणून नवा कागद घेतला. माझी प्रकृती ठीक आहे. तुमची ठीक असणारच.

तुम्ही कारखान्यातल्या सत्याप्पाबरोबर पाठवलेला हीटर पोचला. तो त्याच्याच हाती परत पाठवला आहे. या घराला एका दिव्यापुरती वीज आहे. हीटर लावून पाहिला, लगेच फ्यूज उडाला. वीस वर्षं गोकुळ रोडला कारखाना चालवणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही, याचं नवल वाटलं नाही. तुम्ही वस्तू पाठवता. ती कुठे जाऊन पडते ते तुम्ही कधी पाहिलेलं नाही.

सत्याप्पा उंबऱ्यात बसून चहा प्याला. म्हणाला, "अक्कार, साहेब रविवारी गाडी घेऊन येणार. म्हणाले, सामान बांधून ठेव म्हणावं."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, आता थंडीनं अक्कल आली असेल." मग जरा ओशाळून म्हणाला, "मी नाही हो, साहेब म्हणाले."

त्यानं खोलीत एकवार नजर टाकली. निघताना मीच म्हटलं, "विचारतील ते सगळं सांग त्यांना." तर म्हणाला, "ते विचारत कुठे असतात, अक्कार?"

दसऱ्यानंतर मी निघाले तेव्हा तुम्ही फाटकाशी उभे राहून ड्रायव्हरच्या देखत म्हणाला होता, 'त्या खोक्यात संक्रांतीपर्यंत राहून दाखव. मी बोलवायला नको, थंडीच आणील तुला परत.' म्हणून थंडीची तयारी कशी केली ते सविस्तर लिहिते.

अनसूयाआत्यानं माझ्यासाठी मागे ठेवलेलं हे घर म्हणजे एक खोली, चुलीपुरता आडोसा आणि मागच्या अंगणात न्हाणीघर. उणकलच्या आपल्या दिवाणखान्यात अशी तीन घरं मावतील. तळ्यावरचा वारा थेट दारावर येतो. आधी कौलं उतरवून नीट बसवून घेतली, फुटकी बदलली. खिडकीला काच नाही, लाकडी झडपा आहेत. त्यांच्या फटींत चिंध्या ठोकल्या. जमीन शेणानं सारवते. तुमच्या संगमरवरासारखी ती पायांना चावत नाही. शेजारच्या दुर्गव्वानं जुन्या साड्यांचे थर घालून गोधडीसारख्या दोन जाड कौद्या शिवून दिल्या.

दोन कशाला, हे वाचताना तुमच्या मनात आलं का? आलं नसेल.

मी रोज डायरीत स्वतःला विचारते की मला तुमचा राग आहे की तिरस्कार. राग असता तर तुम्ही काहीतरी करावं अशी अपेक्षा असती. ती आता सापडत नाही. तिरस्कार हा मोठा शब्द आहे, तो आपण स्वतःला उंच समजून वापरतो, हेही मी लिहून ठेवलं आहे. तरी दुसरा शब्द मिळाला नाही.

तो कधी सुरू झाला ते मात्र ठाऊक आहे. गणपतीत पाहुणे आले म्हणून तुम्ही आईंना गॅरेजमागच्या पत्र्याच्या खोलीत हलवलंत. पाहुणे गेले, आई तिथेच राहिल्या. त्या खोलीच्या खिडकीची काच फुटलेली होती. मी सांगितलं, तुम्ही 'बसवतो' म्हणालात. पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणालात, 'म्हातारपणी सगळीकडेच गार लागतं.' आणि तिथे कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवलात. हुबळीतल्या निम्म्या बंगल्यांना खिडक्या पुरवणाऱ्या कारखानदारानं आपल्या आईला पुठ्ठा लावला. मी त्या दिवशी घर सोडलं नाही, पण मनात सामान आवरायला घेतलं.

आई तुळशीच्या लग्नानंतर बेळगावला नेत्राकडे गेल्या, अशी तुमची समजूत आहे. ड्रायव्हरनं त्यांना स्टँडवर सोडलं. तो वळल्यावर त्या बेळगावच्या गाडीतून उतरल्या, धारवाडच्या गाडीत बसल्या आणि एका पिशवीनिशी माझ्या दारात आल्या. मी बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, "तुझ्याकडे जागा आहे का गं?" मी म्हटलं, "नाही." म्हणाल्या, "मग सरक जरा."

तेव्हापासून त्या इथेच आहेत.

मी तुम्हाला लगेच कळवणार होते. त्या म्हणाल्या, "त्यानं विचारलं की सांग." नेत्रालाही तेच बजावलं. तुमच्या बहिणीला खोटं जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुमचा फोन आला तर 'आई देवळात गेली आहे' असं सांगायचं, हे तिनं पाठ करून ठेवलं होतं. ते वाक्य तिला अजून वापरावं लागलेलं नाही.

आता मी सांगायचं टाळत होते ते. दाराच्या फटीतून वारा यायचा म्हणून मी आतून जाड सुती चादरीचा पडदा लावला. आईंचं सोवळं माझ्या ध्यानातच आलं नाही. परवा पहाटे त्या न्हाणीघरातून आंघोळ करून आल्या, तर दारात सगळ्यांचे हात लागलेली चादर. तिला शिवलं की सोवळं गेलं, पूजा राहिली. मी दूध आणायला गेले होते. त्या ओल्या केसांनी बाहेर वाऱ्यात उभ्या राहिल्या, मी परत येईपर्यंत. हाक मारायची नाही, चादर बाजूला सारायची नाही. संध्याकाळी छाती भरली, ताप चढला.

डॉक्टर येऊन गेले. न्यूमोनिया नाही म्हणाले, पण या वयात आणखी एक गारठा सोसणार नाही, हेही म्हणाले. त्या दिवसापासून मला एकच प्रश्न छळतो आहे. मी त्यांना त्यांच्यासाठी ठेवून घेतलं आहे, की तुम्हाला हरवण्यासाठी? उत्तर दुसरं असेल, तर तुमच्यात आणि माझ्यात फरक तो काय?

काल त्यांना स्पष्ट विचारलं. म्हटलं, "उणकलला वरच्या मजल्यावरची ऊन येणारी खोली द्यायला मी त्यांना भाग पाडते. जाता का?"

म्हणाल्या, "देईल. पाहुणे येईपर्यंत."

"इथे काही झालं तर?"

"झालं तर तू शेजारी असशील. तू आधी तो पडदा बदल."

बदलला. बाजारातून धनगरी कांबळं आणून दाराला टांगलं. लोकर शिवली तरी सोवळं मोडत नाही. आज पहाटे त्या कांबळं खांद्यानं ढकलून सरळ आत आल्या. ताप उतरला आहे, खोकला आहे.

तेव्हा रविवारी गाडी पाठवू नका. यायचं असेल तर बसनं या, आईंना भेटायला या. मी संक्रांतीला इथेच असेन, आणि त्यानंतरही. आई कुठे राहतील ते त्या ठरवतील. त्यांचं मन बदललं तर मी स्वतः त्यांना उणकलला आणून सोडेन आणि फाटकातून परत फिरेन. तोवर त्या गॅरेजमागच्या खिडकीला काच बसवा. आता तिथे कोणी राहत नाही, तरी बसवा.

हे पत्र मी आईंना वाचून दाखवलं. त्यांनी एकच वाक्य गाळायला लावलं. "ते त्याला लागेल," म्हणाल्या. मला ते पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य वाटत होतं. त्यांच्या शब्दाखातर गाळलं.

कारखान्यात पहाटे जाताना गळ्याला मफलर गुंडाळत जा, असं त्यांनी लिहायला सांगितलं आहे. ते लिहिलं.

मेधा