आईची तक्रार निवारण अधिकारीपदी नेमणूक

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण हल्ली आमच्या घरात खोटं लिहिलेलं चालत नाही. कारण सांगतो.

लोकांना जुन्या वस्तू विकता याव्यात म्हणून मी वेबसाइट काढली, तेव्हा तुम्हीच वकिली थाटात बजावलंत की नव्या कायद्याप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्याचं नाव आणि फोन ठळक द्यायचा, तक्रारीची पोच द्यायची, जाहिरात उतरवली तर देणाऱ्याला कारण कळवायचं. नाहीतर वेबसाइट बंद. आता पगारी माणूस कुठून आणू? घरात तुमची ताई, म्हणजे माझी आई, निवृत्त मुख्याध्यापिका, दिवसभर माझंच निवारण करत बसलेली. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. मामा, दोन्ही पक्षी उडाले आणि दगड माझ्या कपाळावर आला.

आईने कायदा वाचला. (सगळा! मी नुसतं 'मान्य आहे' दाबलं होतं.) जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं, आम्ही ताटं मांडीवर घेतो. पहिली तक्रार एका सोफ्याची: जाहिरातीत 'नव्यासारखा', प्रत्यक्षात बसलेला माणूस आत गडप. आई स्वतः जाऊन बसली. तिला दोघांनी ओढून बाहेर काढलं, पण त्याआधीच तिने आतूनच मला फोन करून जाहिरात उतरवायला लावली. कळवलेलं कारण: 'थापा.' इथे थांबली तर ती तुमची बहीण कसली! तक्रारी येईनात तेव्हा स्वतःच लोकांना फोन करून विचारू लागली, तुमची काही तक्रार आहे का? (असते हो. प्रत्येकाची असते.) दाताच्या डॉक्टरीणबाईंची व्यायामाची सायकल 'क्वचित वापरलेली' होती, तीही उतरवली, कारण आईच्या मते ती मुळीच वापरलेली नव्हती आणि व्यायामाबद्दल फुशारकी ही दिशाभूलच. मी आमची इस्त्री टाकली, 'उत्तम स्थितीत'. शेजारच्या खोलीतून रीतसर ईमेल आला: 'तुझे शर्ट पाहून खात्री पटत नाही.' बायको अजून हसतेय.

मामा, आता वेबसाइटवर एकच जाहिरात उरली आहे. खपून उभं केलेलं काम डोळ्यांदेखत ओस पडतंय, खरंच रडू येतं. आईला काढावं, तर मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

तुमचा भाचा
(कायद्याच्या भाषेत 'मंचचालक', आईच्या भाषेत 'ऐकतोयस का')

ता. क. खरं काम असं: अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील ऐकायला वर कोणीतरी लागतं. ते तुम्ही व्हा. तिला 'तुझं चुकलं' म्हणू शकेल असं दुसरं कोणी हयात नाही.

ता. ता. क. घात झाला. उरलेली जाहिरात तुमच्या रेडिओची होती, तीही आत्ताच उतरली. कारण: 'वस्तू विकणाऱ्याची नाही. बाबांनी ती मला दिली होती.' ज्याच्यावर तक्रार आहे त्याला न्यायाला बसता येत नाही, हेही तिने कलमासकट दाखवलं. तेव्हा तुम्ही अपील ऐकायचं नाही, करायचं. ते फोनवर चालणार नाही, ईमेलवर नाही. समक्ष यायचं, रेडिओ घेऊन, मामींसह. सुनावणी बरीच लांबेल असं अधिकारी म्हणतात, आणि तुमची गादी त्यांनी सकाळीच उन्हात टाकली आहे.