दोन खांब मागे

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

बदली होऊन पुण्यात आल्याला आज वीस दिवस झाले आणि आज पहिल्यांदा हे शहर मला आवडलं. अर्थात शहरातून बाहेर पडल्यावर. डॉक्टरांनी रोजची साखर आणि व्यायाम लिहून ठेवायला सांगितलाय, म्हणून ही वही. पण नुसती साखर किती लिहायची, म्हणून इकडचं तिकडचंही लिहीन म्हणतो. आजची साखर १४८. व्यायाम भरपूर.

सायकल बायकोने, ऋतिकाने, घ्यायला लावली. बार्शीत मी शेवटची सायकल अकरावीत चालवली होती. तिचं म्हणणं असं, की अहो, पोट पुढे आणि तुम्ही मागे हे किती दिवस चालायचं? तिला स्वतःला विचारलं तर म्हणाली, आधी तुम्ही न पडता महिना काढा, मग माझं बघू. सायकल घेतली रास्ता पेठेतल्या नासिरभाईंकडून. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. दर रविवारी ते बारा-तेरा जणांना घेऊन कात्रजचा जुना घाट, शिवापूर, कोंढणपूर आणि सिंहगडाच्या पायथ्याने परत अशी फेरी काढतात. मला म्हणाले, आपणही या, फार तर काय, दमाल.

दमलोच. पण काय रस्ता! कोंढणपूरच्या पुढे गाडी म्हणून नाही. भात काढलेली खाचरं, वाळत घातलेला पेंढा, रस्त्याच्या कडेने विजेचे खांब आणि आपल्याच चाकांचा आवाज. चढ संपतो तिथे सोजरबाईंची चहाची टपरी. मी सगळ्यांत शेवटी पोहोचलो, माझ्या मागे फक्त नासिरभाई. बाईंनी विचारलं, पावणं कुठलं हाय? बार्शीचा म्हणताच त्यांनी चहात साखर जास्तच घातली. तो प्यायलो. डॉक्टरांना सांगणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज मला पद मिळालं. पदाचं नाव शेपूट.

पद्धत अशी. फेरीत एकाने कायम शेवटी राहायचं. त्याने कुणाला ओलांडायचं नाही. कुणाचं चाक पंक्चर झालं, कुणाला धाप लागली, तर त्याच्यापाशी थांबायचं. टपरीवर पोहोचलं की शेपटाने सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘मागे कोणी नाही.’ त्यानंतरच सोजरबाई चहा ओततात. नासिरभाई म्हणाले, तुम्ही तसेही शेवटीच असता, निदान हुद्दा तरी घ्या. सगळे हसले, मीही हसलो. ते स्वतः मात्र हसले नाहीत, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

शेवटच्या चढावर मागे पाहिलं तर दोन खांब सोडून एक सायकलवाला येत होता. पांढरा सदरा. असेल कुणी गावातला. टपरीवर पोहोचून मी मोठ्या ऐटीत म्हणालो, मागे कोणी नाही. सोजरबाईंनी किटली उचलली, रस्त्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली. मग चहा ओतला.

सायकलवाला काही वर आला नाही. मध्येच वळला असेल. पण मध्ये वळायला रस्ता नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

तो आजही होता. दोन खांब मागे.

मी थांबलो, तो थांबला. एक पाय जमिनीवर टेकून उभा. हाक मारली, तरी टेकलेला पाय उचलला नाही. मग वाटलं, बिचाऱ्याला धाप लागली असेल आणि शेपटाचं काम तेच आहे. म्हणून सायकल वळवून उतारावरून त्याच्याकडे निघालो. एक खांब गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तो तेवढाच लांब. मी त्याच्याकडे जात होतो आणि तो माझ्याकडे तोंड करून मागे जात होता. सायकल न वळवता. मी मागे सरकलो की माझ्या मागचं सगळंच तेवढं मागे सरकत होतं.

टपरीवर ‘मागे कोणी नाही’ म्हणताना माझा आवाज चिरकला. नासिरभाई रिकाम्या कपात बघत होते.

ऋतिकाला सांगितलं नाही. हसली असती. आणि हसली नसती तर मला जास्त भीती वाटली असती.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसातून थेट नासिरभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि सांगितलं. बराच वेळ माझ्याकडे न बघता.

सहा वर्षांपूर्वी एक नवा माणूस फेरीला आला होता. पहिलाच दिवस, नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. तो चढावर मागे पडला. तेव्हाचं शेपूट श्यामसुंदर. त्याला थंडी वाजत होती, चहा हवा होता. तो पुढे निघून आला आणि म्हणाला, मागे कोणी नाही. सगळ्यांनी चहा घेतला आणि घरी गेले. तो माणूस संध्याकाळी सापडला, रस्त्याच्या कडेला. छाती धरून बसलेला, चढाकडे तोंड करून.

तेव्हापासून तो शेपटाच्या मागे येतो. श्यामसुंदरला वर्षभरात ते सहन होईना. एका रविवारी चढावर भीमराव नावाचा एकजण चेन बसवायला थांबला होता. श्यामसुंदर त्याला ओलांडून पुढे गेला. मुद्दाम. त्या दिवसापासून श्यामसुंदर सुटला. भीमराव टपरीवर आलाच नाही. त्याची सायकल स्टँडवर लावलेली सापडली. भीमराव अजून सापडलेला नाही.

म्हणजे शेपूट शेवटी राहिलं, तर तो फक्त मागे मागे येतो. पण शेपटाच्याही मागे कुणी राहिलं, तर तो त्या माणसाच्या जवळ येतो. इतकी वर्षं नासिरभाई स्वतः शेपूट होते. आता गुडघे गेले, चढावर थांबत थांबत येणं जमत नाही. एवढं सांगून ते रडायला लागले. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. फेरी बंद करा म्हणालो. ते म्हणाले, मी बंद केली तरी ही पोरं जाणारच, आणि हे कुणाला सांगू? कोण ऐकेल?

१ डिसेंबर, रविवार

गेलो. जाणार नव्हतो. पण शनिवारी कळलं की कॉलेजातली एक मुलगी नव्याने आली आहे आणि ती माझ्याहून हळू चालवते. मी गेलो नाही तर शेवटी ती राहणार.

पूर्ण चढ तिच्या मागे राहिलो. तिने दोनदा सांगितलं, काका, तुम्ही व्हा पुढे. नाही झालो. तो होता.

साखर पाहिली नाही.

४ डिसेंबर, बुधवार

जेवण जात नाही. ऋतिकाने दोनदा विचारलं, काय झालंय? ऑफिस, म्हणालो. ती म्हणाली, रविवार आला की तुमचा चेहरा उतरतो. सायकल नकोशी झाली असेल तर सोडा, मी टोमणे मारणार नाही. तिने टोमणे मारणार नाही म्हणणं, म्हणजे तिला काळजी लागली आहे. सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं आणि —

उद्या सांगेन.

७ डिसेंबर, शनिवार

सांगितलं नाही. ती आज खुशीत आहे. दुपारभर कुठे गेली होती, तेही सांगत नाही. नुसती हसते.

मुलगी उद्या येणार आहे. म्हणजे मलाही जायला हवं.

८ डिसेंबर, रविवार. सव्वानऊ

चढावर बसून लिहितोय. वही आज बरोबरच आणली होती.

सगळे पुढे गेले. मुलगीही गेली. मी शेवटी होतो, नेहमीसारखा. मध्ये क्षणभर रेंज आली आणि ऋतिकाचा फोटो आला. भाड्याची लाल सायकल, तिच्या डोक्यावर हेल्मेट. खाली लिहिलंय, ‘अहो, एकटे कुढत फिरू नका, मी पण येतेय. मागे बघा.’

बघितलं.

ती त्याला ओलांडून आली. त्याच्याकडे बघून मान हलवली, आपण वाटेत कुणालाही हलवतो तशी. आता ती माझ्या मागे दोन खांबांवर आहे आणि तो तिच्या मागे.

साडेनऊ

ती पेडल मारतेय. जोरात मारतेय. येत नाही. मी धावत गेलो तर ती मागे सरकली, हसत, हात करत, तोही सरकला. तिला काही कळत नाहीये. परत जागेवर आलो तर ती पुन्हा दोन खांबांवर. पुढे गेलो तर तिला सोडून गेल्यासारखं होईल. म्हणून हलत नाही. बसलोय. फोन लागत नाही. ओरडून घसा बसला.

पावणेदहा

तिने सायकल थांबवली. दमली. हात करून विचारतेय, येत का नाही? नुसते बसलात काय?

अगं, मी कसा येऊ —

तिच्या आणि त्याच्या मध्ये एकच खांब.

दहा वाजले असतील

नासिरभाई वरून कुणाला तरी पाठवतील. पाठवायला हवं. पण ते माझ्यापर्यंतच येतील. तिच्यापर्यंत —

तो सायकलवरून उतरला. चालत येतोय. माझ्या वेळी कधी उतरला नव्हता.

ती माझ्याकडेच बघतेय. रागावली आहे. रागाव, पण माझ्याकडे बघ. सांगायला हवं होतं गं, बुधवारीच सांगायला —

खांब राहिला नाही मध्ये.

ऋतिका, मागे नको. माझ्याकडे बघ. मी इथेच आहे, मी हलत नाहीये, मी